चिंचोटीला थांबलेली गाडी

चिंचोटी, हायवेवरून
रविवार, २५ सप्टेंबर १९९४

सौ. वसुंधरा हिला तिच्या नवऱ्याचे आशीर्वाद, तुझ्या मातोश्रींना नमस्कार आणि आर्याला एक पापी. पापी मी आल्यावर देणार आहे, तोवर तिला नुसतं सांगून ठेव.

मी बरा आहे. हे आधी सांगतो, म्हणजे पुढचं नीट वाचशील. तुझी सवय मला माहीत आहे, शेवटची ओळ आधी वाचायची आणि मग रडत वरती यायचं.

हसतेस ना? हस. लग्न झाल्यापासून कधी कागदाला हात लावला नाही, आणि आता नवरोजी आपल्या फुलपाड्यापासून हाकेच्या अंतरावर बसून पत्र लिहितायत. पण काय करणार? शेजारच्या पाटीलबाईंच्या फोनवर तुला बोलावलं, तर सगळी चाळ कान लावून उभी राहणार. सुरतेहून आलोय एवढं जरी कुणाच्या कानावर गेलं, तरी उद्या तुला नळावर पाणी भरू देणार नाहीत. म्हणून कुणाला काही बोलू नकोस. विचारलं तर सांग, दिल्लीला गेलेत.

झालंय असं, की भिवंडीत सुरतेचा माल उतरवून घेत नाहीत. गोदामवाल्यांनी शटर खाली ओढलीत. माझ्या गाडीत साड्यांच्या गाठी आहेत. साड्यांना कसला आलाय प्लेग? पण नाही म्हणजे नाही. मालक फोनवर माझ्यावरच ओरडतो, जसा काही मीच सुरतेत उंदीर सोडून आलोय. म्हणून गाडी इथं चिंचोटीला लावलीय, सिप्रियनच्या पंक्चरच्या दुकानामागे. सिप्रियन आठवतो ना? आपल्या लग्नात आला होता बघ, गिरीजचा, उंच, केकचा डबा घेऊन. देवमाणूस. हे पत्र तोच टाकील. त्याला घरात बोलावू नकोस, चहा विचारू नकोस. दारातून पत्र टाकील आणि जाईल. मीच तसं सांगितलंय त्याला.

आणि हे पत्र वाचण्याआधी जरा उन्हात टाक. आता वाचत असशील तर टाकलं नाहीस, म्हणजे झालं. हात तरी साबणाने धू. आर्याला कडेवर घेण्याआधी धू.

पेपर वाचतेस का? मी रोज वाचतो, सिप्रियन मराठी-गुजराती दोन्ही आणून देतो. सरकार म्हणतं, घाबरू नका, परिस्थिती आटोक्यात आहे. आयला, आटोक्यात असती तर सांगावं लागलं असतं का? एवढी वर्षं आपल्या चाळीत पाणी येत नाही, तेव्हा कोणी सांगायला आलं का, की पाणी आटोक्यात आहे म्हणून? आणि सुरतेला नावं ठेवतायत सगळे. घाण शहर, घाण शहर. मी बघितलंय सुरत, घाण आहेच. पण आपल्या फुलपाड्यात काय अत्तराचे पाट वाहतात? बिल्डरांनी चाळी उभ्या केल्या आणि गटारं ठेवली देवाच्या भरवशावर. तिथं पूर आला म्हणून रोग आला म्हणतात. आपल्याकडे पूर न येताच दारात तळं असतं. ते आर्याला ओट्यावर सोडतेस ना, ते बंद कर बाई. घरात कापूर जाळ. उंदीर मेलेला दिसला तर हात लावू नकोस, रॉकेल टाकून पेटवून दे.

प्लेगवर टेट्रासायक्लिन म्हणून एक कॅप्सूल आहे. मिळाली तर तिघींपुरती घेऊन ठेव. दुकानदार नाही म्हणेल, आतून काढून देईल. मिळत नसेल तर मला कळव, सिप्रियन वसईत बघतो आहे.

अण्णांचं महाळ या आठवड्यात येतं. मला काही जमेल असं दिसत नाही. तू घासाचं पान वाढून गच्चीवर ठेव, बापच आहे, अण्णा समजून घेतील. तेही एसटीत ड्रायव्हर होते, त्यांना थांबलेली गाडी काय असते ते माहीत आहे.

आणि तुझ्या भावाचं, जितेशचं. मातोश्रींना सांग की मी सुरतेला त्याच्या खोलीवर गेलो होतो. तो नव्हता तिथं. मित्रांबरोबर नवसारीकडे गेलाय म्हणाले. तरणाबांड पोरगा आहे, कुठंही राहील. काळजी करू नका. एवढंच.

इथं यायचं नाही. डबा पाठवायचा नाही. फ्लॉसी, सिप्रियनची बायको, भाकऱ्या पाठवते मला. जेवण चाललंय.

आर्याचा खालचा दात आला का?

हरेश्वर

•

चिंचोटी
बुधवार, २८ सप्टेंबर

वसू,

तुझी चिठ्ठी मिळाली. चार ओळींत एवढ्या शिव्या बसवायला तुलाच जमतं.

बाहेर काय चाललंय ते ऐकलंस का? आखाती देशांनी आपली विमानं उतरवून घेणं बंद केलंय. त्यांना आपली माणसं चालतात, घाम चालतो, पण खोकला आला की चालत नाही. तसं बघितलं तर ते तरी काय करणार? आपणही तेच करतोय. इथं एका दवाखान्याबाहेर खडूने लिहिलंय, सुरतेहून आलेल्यांनी आत येऊ नये. डॉक्टरच असं लिहितो, मग चांभाराने काय लिहायचं? आणि परवा रविवारी मुंबईची पोरं आली होती धबधब्याला, ट्रान्झिस्टर लावून, उड्या मारत. एकाच्या तोंडाला रुमाल होता, तो त्याने भजी खायला खाली घेतला. मला हसू आलं आणि मग असा राग आला म्हणून सांगू, की वाटलं जाऊन एकाच्या मुस्काटात मारावी. त्यांचं काही चुकलं नव्हतं. त्यांना भीती नव्हती आणि मला होती, एवढंच.

हो, मी टाळतोय. तू चिठ्ठीत लिहिलंस तेच खरं. जितेशच्या खोलीत राहणारा तो उमंग तुझ्याकडे येऊन गेला. जितेशची राहिलेली पिशवी द्यायला आला आणि म्हणाला, ‘जितेश तो जीजाजी की गाडी में निकल गया, पहुँचा नहीं?’ मी त्या उमंगला त्याच्या खोलीवर सांगितलं होतं, की तूही कुठंतरी निघून जा. हा शहाणा नेमका आपल्याच दारात आला.

बरं, ऐक. मातोश्रींना वाचून दाखवू नकोस. आधी तू वाच.

जितेश माझ्याजवळ आहे. जिवंत आहे. इथं, गाडीत मागे, गाठींच्या मधे आडवा आहे.

मी त्याच्या खोलीवर पोचलो तेव्हा सुरतेतलं सगळं उधना घरं सोडून पळत होतं. स्टेशनकडे तर पाऊल ठेवायला जागा नाही. माझा क्लीनरही गावची गाडी दिसल्यावर उतरून पळाला. जितेश खाटेवर पांघरूण घेऊन बसला होता, अंगात ताप. मला बघून उभा राहिला, म्हणाला, ‘भावजी, मला वाटलंच तुम्ही येणार.’ तुझ्या आईने पायरीवर उभं राहून मला सांगितलं होतं ना, माझ्या पोराला घेऊन या म्हणून? आणि मी रुबाबात म्हणालो होतो, आणतो. मग काय, घेतला केबिनमधे. खोकत होता. मी खिडक्या उघड्या ठेवल्या, तोंडाला पंचा बांधला आणि त्यालाही बांधायला लावला.

वापीच्या पुढे आल्यावर त्याला जोराची उबळ आली. पंचा तोंडावर धरला आणि खाली घेतला. त्यावर लाल होतं. वसू, मी स्टेअरिंग सोडायचाच बाकी होतो. पेपरात तेच तर लिहिलंय, ताप येतो, मग थुंकीतून रक्त पडतं आणि मग माणूस राहत नाही. त्याने बघितलं नाही, की बघून न बघितल्यासारखं केलं, ते मला कळलं नाही. मी पंचा त्याच्या हातातून घेतला आणि सीटखाली टाकला.

महाराष्ट्राच्या हद्दीवर, आच्छाडच्या नाक्यावर डॉक्टर बसले होते. सुरतेकडून येणारी प्रत्येक गाडी थांबवत होते, माणसं उतरवून ताप बघत होते. ताप निघाला की बाजूला तंबूत. नुसता ताप असता तर दाखवला असता गं, तुझी शप्पथ. पण ते लाल बघितलं होतं मी. पुढच्या गाडीतला सरदारजी सांगत होता, रक्त थुंकणाऱ्याला नेतात तो दिसत नाही परत, घरच्यांना राखसुद्धा देत नाहीत. जितेशने ते ऐकलं. माझा हात धरला. त्याचा हात असा भाजत होता. म्हणाला, ‘भावजी, मला नका देऊ यांना.’

मी रांगेतून गाडी जरा बाजूला घेतली, चाक बघतोय असं दाखवलं. मागची ताडपत्री सोडली, दोन गाठी सरकवल्या आणि त्याला मधे घातला. वरून ताडपत्री ओढली. आम्ही ड्रायव्हर लोक काय काय लपवून नेतो नाक्यावरून, दारू, तूप, बिनपावतीचा माल. माणूस पहिल्यांदा लपवला. भर दुपारी, त्या उन्हात, तापलेला पोरगा ताडपत्रीखाली. डॉक्टरने माझी नाडी बघितली, म्हणाला, ‘एकटाच आहेस?’ मी म्हणालो, एकटाच. मागे खोकला येऊ नये म्हणून मी देवाला नवस बोलत होतो. नाही आला. पुढे गेल्यावर ताडपत्री उघडली, तर भिजून चिंब, डोळे मिटलेले. मला वाटलं गेला. पण ‘पाणी’ म्हणाला.

आता सांग, तिथून घरी कसा येऊ? दहा बाय बाराच्या खोलीत तू, आई आणि आठ महिन्यांचं पोर.

हॉस्पिटलात का नेत नाही, असं विचारशील. मीही स्वतःला विचारतो. सकाळी उठल्यावर ठरवतो, आज नेतो. किल्ली लावतो. मग वाटतं, तिथं विचारतील नाक्यावरून कसा आणला. मग पोलीस. मग फुलपाड्याला माणसं पाठवतील, चाळीला पावडर मारतील, तुला आणि आर्याला उचलून कुठल्या तरी वॉर्डात टाकतील, जिथं खरोखरचे रोगी असतील. आणि इथल्या लोकांना कळलं तर गाडी जाळतील, त्यालाही आत ठेवून. खोटं नाही सांगत, पलीकडच्या ढाब्यावर बोलत होते तसं. मी तिथं बसून चहा पीत होतो आणि मान हलवत होतो, बरोबर बोलताय म्हणून.

मी असा नाही गं. घाटात ब्रेक फेल झालेली गाडी उतरवलीय मी, तेव्हा घाबरलो नाही. आता भाकरी तोडण्याआधी तीनदा हात धुतो. स्वतःच्या काखेत हात घालून गाठ आलीय का बघतो. थुंकलो की वाकून बघतो. माणसाला स्वतःच्याच थुंकीची भीती वाटावी, काय ही वेळ!

सिप्रियनला सांगितलंय मी. त्याला फसवायचं जिवावर आलं. त्याने छातीवर क्रूस केला आणि म्हणाला, ‘हरेश्वर, मी दगडावर डबा ठेवीन, तू मी गेल्यावर घे.’ त्यानेच वसईत हिंडून कॅप्सूल आणल्या. त्या मी जितेशला वेळेवर देतोय, एकही चुकवलेली नाही. ताप उतरतो, तेव्हा शुद्धीवर येतो, पेज पितो, आर्याचं विचारतो. काल म्हणाला, ‘ताई रागावली असेल ना?’ मग परत थंडी वाजते, दात वाजतात, दोन गोधड्या आणि साड्यांची अख्खी गाठ वर टाकली तरी थांबत नाही. आज सकाळपासून जरा जास्त झोपतोय. कॅप्सूलचा गुण येतोय, असं मला वाटतं. झोप चांगली असते ना?

काय करू ते सांग. तू सांगशील ते करतो. पण लवकर सांग.

तुझा
हरेश्वर

•

चिंचोटी
सोमवार, ३ ऑक्टोबर

वसुंधरा,

आईंनी घरी येऊन तुला जे सांगितलं, त्यातली एक गोष्ट खरी नाही.

जितेश गेला, हे खरं आहे. त्याला अग्नी मी दिला, आई शेजारी उभ्या होत्या, हेही खरं आहे. मला हॉस्पिटलवाल्यांनी अजून ठेवून घेतलंय, हे खोटं आहे. त्यांनी मला कधीच सोडलं. मी इथं आहे, सिप्रियनकडे. पण मी म्हणतोय ती गोष्ट ही नाही. ती सांगतो. पहिल्यापासून सांगितली नाही तर मला जमणार नाही.

तू माझं पत्र त्यांना वाचून दाखवलंस. मी नको म्हटलं होतं, तरी दाखवलंस, बरं केलंस. तू आर्याला न्हाऊ घालत होतीस आणि त्या पिशवी उचलून निघाल्या, असं त्यांनीच सांगितलं मला. विरार फाट्यापर्यंत रिक्षा, तिथून कुठल्याशा टेम्पोत बसून चिंचोटीला. मी दगडावरचा डबा घ्यायला गेलो होतो. वळून बघतो तर हायवेच्या कडेने नऊवारी नेसलेली बाई तरातरा चालत येतेय. मी ओरडलो, ‘तिथंच थांबा! पुढे येऊ नका!’ थांबतात कसल्या? मी आडवा उभा राहिलो. म्हणालो, आई, घरात तान्हं पोर आहे, तुम्ही गाडीत चढलात तर परत घरी जाता येणार नाही. त्या म्हणाल्या, ‘जावयबापू, बाजूला व्हा. मी काय परत जायला आलेय?’ आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून, साठीची बाई, चाकावर पाय देऊन वर चढली. मला गेल्या कित्येक दिवसांत पहिल्यांदा कुणीतरी हात लावला होता.

इतकी वर्षं मी त्यांना मातोश्री म्हणून चिडवत आलो. आमटीत मीठ कमी, बोलण्यात जास्त, असं तुला म्हणायचो. परत म्हणणार नाही.

वर जाऊन त्यांनी जितेशचं डोकं मांडीवर घेतलं. हाका मारल्या. त्याने डोळे उघडले, पण ओळखलं नाही, काहीतरी मिलमधलंच बडबडत होता. त्यांनी पिशवीतून पाणी काढलं, तोंड पुसायला फडकं मागितलं. माझ्याजवळ धड काही नव्हतं. मी केबिनमधली गोधडी ओढून आणली, तिच्यात अडकून सीटखालचा तो पंचा आला, तो त्यांनी उचलला. मी ओरडलो, ‘त्याला हात लावू नका, त्याच्यावर रक्त आहे!’

त्यांनी तो उजेडात धरून बघितला. मग पाण्यात भिजवून चोळला. म्हणाल्या, ‘कसलं रक्त? रंग आहे हा. याचे सगळे कपडे असेच असतात. दर दिवाळीला मी घासते ना, जात नाही.’

वसू, रंग होता तो. छपाईचा लाल रंग. पोरगा रंगखात्यात कामाला, नखांत रंग, केसांत रंग, पंचा कमरेला खोचून दिवसभर हात पुसायचा त्याला. तो ओल्या तोंडावर धरला आणि रंग सुटला. रक्त वाळलं की काळं पडतं, हे मला माहीत नाही? किती अपघात बघितलेत हायवेवर. एवढे दिवस तो पंचा माझ्या सीटखाली होता, लालच्या लाल. मी एकदा बाहेर काढून बघितला असता तर? पण मी त्याच्याकडे बघतच नव्हतो. पायाने आत सरकवत होतो.

आणि खोकला? आई म्हणाल्या, खोकला त्याला दोन वर्षं आहे, मिलच्या वाफेचा. तुलाही माहीत होतं. मलाही माहीत होतं. दिवाळीत यायचा तेव्हा आपणच नाही का त्याला हळदीचं दूध द्यायचो?

मी गाडी सुरू केली. पोलीस, चाळ, काही डोक्यात आलं नाही. आई मागे त्याला धरून बसल्या होत्या आणि मी हॉर्न दाबून धरला होता. हॉस्पिटलात सगळे तोंडं बांधून. सुरत म्हटल्यावर आम्हाला वेगळ्या दाराने नेलं. डॉक्टरीण होती, तुझ्याच वयाची. तिने त्याच्या पापण्या उघडून बघितल्या, पोट दाबून बघितलं, बोटातून रक्त घेतलं. आम्हा दोघांना एका खोलीत बसवून ठेवलं. मी भिंतीला टेकून म्हणत होतो, प्लेग नसू दे, प्लेग नसू दे. आर्याची शपथ घालत होतो देवाला.

डॉक्टरीण आली आणि म्हणाली, ‘प्लेग नाहीये.’

मी हसलो. खरंच सांगतो, मला हसू फुटलं. तिच्या पाया पडायला वाकलो. ती मागे सरकली. म्हणाली, ‘मलेरिया आहे, आणि तो डोक्यात गेलाय. थंडी वाजून ताप कधीपासून येतोय?’ मी सांगितलं. ‘काय देत होता?’ मी कॅप्सूलचं पाकीट दाखवलं. तिने बघून परत दिलं. ‘या तापाला एवढ्याने भागत नाही. वाटेत नाक्यावर तपासणी होती ना? तिथं रक्त घेतात. तिथं कळलं असतं, गोळ्यांवर बरा झाला असता. तिथं नाही दाखवलं?’ ती रागावून नाही बोलली. तिला लिहून घ्यायचं होतं, म्हणून विचारत होती.

मी पाकीट खिशात घातलं. आई बाकावर बसल्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं.

पुढे त्यांनी सुई लावली, सलाईन लावलं. तो परत शुद्धीवर आला नाही. शनिवारी सकाळी गेला. माझ्या गाडीत होता तोवर पेज पीत होता गं. आर्याचं विचारत होता.

स्मशानातून आल्यावर आई नळावर पाय धूत होत्या. मी बाजूला उभा. मला वाटलं, आता बोलतील. शिव्या देतील, निदान छाती पिटतील. मला ते हवं होतं. त्यांनी पदराने पाय पुसले आणि म्हणाल्या, ‘जावयबापू, वसूला प्लेगच सांगायचं. बाहेर काय ते मलेरिया म्हणा, पण तिच्या कानात प्लेग. प्लेगाला ती काय करणार? देवाचं आहे म्हणेल, रडेल आणि उठेल. दुसरं कळलं तर ती तुमच्याकडे बघायची नाही. माझा एक गेला. तिचं घर मोडायला नको.’

मी म्हणालो, आई, तुम्ही माझ्याकडे कशा बघता?

त्या म्हणाल्या, ‘मी म्हातारी आहे.’

मग सिप्रियनच्या स्कूटरवर बसून त्या तुझ्याकडे आल्या आणि ठरल्याप्रमाणे तुला सांगितलं. मला अजून ठेवून घेतलंय, असंही त्यांनीच बनवलं, माझा चेहरा तुला लगेच दिसू नये म्हणून. त्यांच्यावर रागावू नकोस. त्यांनी मुलगा जाळून त्याच दिवशी मुलीचा संसार सांभाळला. असं माझ्याच्याने झालं नसतं.

मालकाने निरोप पाठवलाय, भिवंडीची गोदामं उघडली, माल उतरवून टाक. पेपरात आलंय, रोग आटोक्यात आला. या खेपेला खरंच आला असेल. हायवेवर गाड्या पहिल्यासारख्या पळायला लागल्यात. सुरतेकडे परत जाणारी माणसं टपावर बसून गाणी म्हणत जातायत. ढाब्यावरचे तेच लोक आता म्हणतात, काही नव्हतं हो, उगाच घाबरले सगळे. मी मान हलवतो.

आईंचं ऐकावं असं माझ्या फार मनात होतं, वसू. हे पत्र लिहायला घेऊन दोनदा फाडलं. प्लेग म्हटलं की मी घरी येऊ शकतो. तू माझ्या गळ्यात पडून रडशील, मीही रडेन, आर्या माझी मिशी ओढील. लोक म्हणतील, मेव्हण्यासाठी जिवावर उदार झाला. मला ते सगळं हवंय. पण मग तू जन्मभर त्याबद्दल माझे उपकार मानशील. दर महाळाला त्याचं पान वाढताना म्हणशील, तुम्ही होतात म्हणून त्याला चार दिवस आपलं माणूस मिळालं. ते मला ऐकवणार नाही.

प्लेग नव्हता. तो वाचला असता. मी त्याला डॉक्टरच्या समोरून ताडपत्रीखाली घालून पळवून आणला. तो ‘मला नका देऊ’ म्हणाला हे खरं आहे, पण तो तापात होता आणि मी शुद्धीवर होतो. मी घाबरलो होतो. त्याच्यासाठी घाबरलो होतो की माझ्यासाठी, ते मला अजून सांगता येत नाही.

आता तुला सगळं माहीत आहे. आईंना सांगू नकोस की मी लिहिलं, त्यांना वाटू दे की त्यांचं चाललं.

मी आज भिवंडीला जाऊन माल उतरवतो आणि परत इथंच येतो. तुझं उत्तर येईपर्यंत दुसरी खेप घेणार नाही. सिप्रियन रोज संध्याकाळी विरारवरून येतो, तो तुझ्या दारात थांबेल. ये म्हणालीस तर येईन. नको म्हणालीस तरी घरात पैसे येत राहतील, ती काळजी करू नकोस. आणि काहीच म्हणाली नाहीस, तर मी रोज त्याला पाठवत राहीन.

मला फार भीती वाटतेय, वसू. सुरतेच्या रस्त्यावरसुद्धा इतकी वाटली नव्हती.

तू म्हणशील तो,
हरेश्वर